ठिगळाईचं लुगडं

घाटाच्या वाटेवर अजून कोणी दगड बसवले नव्हते आणि मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढत होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. तिवटणे नावाचं गाव तेव्हाही घाटाच्या माथ्यावर होतं आणि आजही आहे. ठिगळाई तिवटण्याची, असं म्हणतात. पण ती तिवटण्याची नव्हती. ती कुठली होती हे कोणालाच कळलं नाही, आणि गावानं तिची आठवण ठेवली ती त्यामुळेच.

तिवटण्याला तीन वाटा येऊन मिळतात. एक खालून कोकणातून चढते, एक देशावरून येते आणि एक उत्तरेकडून, खानदेशातून. माणसं यायची आणि जायची, आणि प्रत्येकाच्या अंगावर त्याचा मुलूख असायचा. कोकणातल्या बायका लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट खोचायच्या, कारण त्यांचा सगळा जन्म भाताच्या चिखलात जायचा. देशावरच्या बायकांचं लुगडं घोट्यापर्यंत यायचं, अंगात खणाची चोळी आणि पदर डोक्यावरून. खानदेशाकडच्या पुष्कळ जणी पदर उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायच्या. डोंगरातल्या बायका डोक्यावरून पाठीवर फडकी सोडायच्या आणि तिची गाठ गळ्याशी मारायच्या. पुरुषांचंही तसंच होतं. रुमाल कोणाचा, मुंडासं कोणाचं, पागोटं कोणाचं, हे लांबून ओळखू यायचं.

वेशीजवळ तीन रांजण होते, तीन वाटांचे. एका रांजणातलं पाणी दुसऱ्या वाटेच्या माणसाला चालत नसे. रांजणांपाशी गोंदा कोळी बसायचा. तो गावाचा पाणक्या. आलेल्याचं कापड बघायचं आणि त्याच्या रांजणातलं पाणी वाढायचं, हे त्याचं काम. ज्यांना कुठल्याच रांजणातलं द्यायचं नाही असं गावानं ठरवलं होतं, त्यांना तो मडक्यातलं पाणी लांबून ओतायचा. तेही कापड बघूनच. तेव्हा तसं होतं.

तिवटण्याची एक मिजास होती. आलेल्या माणसाला "तू कुठला?" असं विचारायचं नाही. विचारलं तर विचारणाऱ्याचीच नाचक्की. "डोळे नाहीत का तुला?" असं लोक म्हणायचे. लुगड्याचा नुसता काठ बघून बाई कोणत्या बाजारातून कापड घेते ते गोंदा सांगायचा. तो कधी चुकला नव्हता, असं म्हणतात.

एका चैत्रात सुभाना पाटलाची सून अडली. तिचं नाव ठकू. आदल्या दिवशी दिवस मावळायला कळा सुरू झाल्या, रात्र गेली, सकाळ झाली, आणि मूल काही येईना. गावची सुईण त्याच हिवाळ्यात वारली होती. शेजारणींनी पोटावर हात फिरवून पाहिले आणि एकमेकींकडे बघितलं. मूल आडवं होतं.

पाटलाची बायको हौसा धीराची होती, पण तिचाही चेहरा उतरला. तिला एवढंच ठाऊक होतं, की खाली कोकणात एक सुईण आहे आणि ती आडवं मूल पोटातल्या पोटात फिरवते. मीठवाल्यांच्या तोंडून तिनं ते ऐकलं होतं. पाटलानं लिंबाजी नावाच्या गड्याला उजाडतानाच घाट उतरायला पाठवलं.

"धावत जा, लिंबाजी. आन येताना तिला पाठीवर घेऊन ये, पण आण," हौसा म्हणाली.

ऊन चढलं. लिंबाजी आला नाही. तो बाजाराचा दिवस होता, म्हणून वेशीत माणसं जमली होती. गोंदा एका रांजणावर वाकून पाण्यात पडलेला पाचोळा तांब्यानं काढत होता. मान वर केली तर समोर एक बाई उभी. ती कोणत्या वाटेनं आली हे त्याला दिसलं नव्हतं. बाकीच्यांनाही दिसलं नव्हतं. विचारलं तर प्रत्येकानं वेगळ्या वाटेकडे बोट दाखवलं, असं म्हणतात.

"पाणी दे बाबा. मग मला आत ने, मला बोलावलंय," बाई म्हणाली.

गोंदानं तिच्या कापडाकडे पाहिलं आणि तांब्या त्याच्या हातातच राहिला.

लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं होतं, म्हणजे कोकणातलं. पण त्याला दांड घातला होता, म्हणजे दोन जुनी लुगडी मधून कापून एकमेकांना शिवली होती. त्यातलं एक देशावरचं काळं आणि दुसऱ्याचा काठ खानदेशातला. चोळी खणाची, पण तिची एक बाही दुसऱ्याच कापडाची. पदर उजव्या खांद्यावरून. डोक्यावर फडकी, आणि फडकीवर धनगराची घोंगडी दुमडून ठेवलेली. जिथं जिथं फाटलं होतं तिथं तिथं ठिगळ होतं, आणि एक ठिगळ दुसऱ्यासारखं नव्हतं.

गोंदा कोकणाच्या रांजणाकडे गेला, परत आला. देशाच्या रांजणावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

"काय झालं, गोंदाबा? डोळे गेले का?" देशावरचा एक पागोटंवाला हसला.

"तुमच्या बाजूची हाय का बघा की," गोंदा हळूच म्हणाला.

पागोटंवाल्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली. "छे. आमच्यातली बाई गुडघे दाखवील व्हय? कोकणातली असंल."

"आमची नाय बा," मीठवाला म्हणाला. "आमची बाय असा पदर घेत नाय. त्या खानदेशाच्या भाऊला इचारा."

खानदेशाचा धान्यवाला पोत्यावर बसला होता. तो तिथूनच म्हणाला, "पदर आमचा, पण बाकीची कोणाची ते तुम्ही सांगा. हिचं डोकं डोंगरात, खांदा खानदेशात, पाय कोकणात. मधलं पोट कुठलं?"

लोक हसले.

"पोट रिकामं हाय, दादा," बाई म्हणाली. "आन घसा कोरडा. कोणत्या गावचं पाणी ते नंतर ठरवा, आधी द्या."

पण कोणी दिलं नाही. चुकीच्या रांजणातलं दिलं तर तो रांजण बाटायचा, आणि बाजाराच्या दिवशी त्या वाटेची सगळी माणसं तहानलेली परत गेली असती. मडक्यातलं द्यावं, आणि ती रांजणाच्या मानाची निघाली, तर गोंदाची नाचक्की. गोंदाला तिला विचारता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण इतकी वर्षं त्यानं कोणाला विचारलं नव्हतं, आणि आज तीन वाटांची माणसं बघत होती. तो नुसता उभा राहिला.

ती पाटलाकडे जायचं म्हणाली तेव्हा आणखीच गोंधळ झाला. पाटलाकडची सुईण कोकणातून यायची होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही कोकणातली दिसत नव्हती. लिंबाजी बरोबर नव्हता. मग कोणीतरी म्हणालं, की रानातली जखीण असते तिला कपडे नीट नेसता येत नाहीत, ती मसणातली टाकलेली कापडं उचलून अंगावर घालते आणि बाळंतिणीचा वास काढत येते. हे ऐकल्यावर हसणारे मागे सरले. दोघांनी काठ्या आडव्या धरल्या. काहींनी तिच्या पावलांकडे बघितलं. पावलं सरळच होती, पण धुळीनं भरली होती, म्हणून नक्की कोणाला सांगता येईना.

तेवढ्यात पाटलाच्या घरातून ठकूची किंकाळी आली. वेशीपर्यंत ऐकू आली.

बाईनं मान कलती करून ती ऐकली. "मूल आडवं हाय," ती म्हणाली. "आन आता ती दमली. पुढची हाक एवढी मोठी येणार नाही."

हौसा नेमकी वाटेकडे डोळे लावून वेशीकडे येत होती. तिनं हे ऐकलं. ती गर्दीत शिरली आणि म्हणाली, "ही कोण? लिंबाजी कुठंय?"

"तेच तर कळंना, पाटलीणबाई," गोंदा म्हणाला. "कापडावरनं कायबी कळंना."

मग त्या बाईनं घोंगडी खाली ठेवली. "कापडावरनंच बघायचं असंल तर नीट बघा," ती म्हणाली. "ही घोंगडी धनगरणीची. मेंढरांच्या वाड्यावर जुळी झाली, दोन्ही जगली, तिनं अंगावरची काढून दिली." तिनं फडकीची गाठ सोडली. "ही डोंगरातल्या एकीची. पोर पायाळू होतं." तिनं लुगड्याचा दांड बोटानं दाखवला. "हे अर्धं देशावरच्या बाईचं. ती वाचली. हे अर्धं तापीकाठच्या बाईचं. ती वाचली नाही, तिच्या सासूनं दिलं. ही बाही कोकणातली. त्यांच्याकडं द्यायला अख्खी चोळी नव्हती." आणि ती एकेका ठिगळावर बोट ठेवत गेली. काही ठिगळं नुसती बोटाएवढी होती. त्यांच्याबद्दल ती काही बोलली नाही, फक्त बोट ठेवलं.

सुईणीला लुगडं-चोळी द्यायची रीत तिन्ही वाटांवर आहे. ज्याला अख्खं जमत नाही तो तुकडा देतो.

चोळीची गाठ सोडायला ती हात घालणार, तोच हौसानं तिचा हात धरला. "पुरे, बाई. झाकून घे. चल आत."

"कुठली हाय ते तरी—" पागोटंवाला म्हणू लागला.

"तुझ्या बायकोच्या वेळी इचार," हौसा म्हणाली.

घरात पाणी संपलं होतं. चैत्रात विहीर आटायची आणि टाक्यावरून पाणी आणायला उन्हात मोठी चढण होती. बाईनं आत जाताना एवढंच सांगितलं, की ऊन पाणी पुष्कळ लागेल. हौसानं मागे वळून गोंदाला हाक मारली, "गोंदा, रांजण आण."

"कुठला?"

"सगळे."

गोंदानं तिन्ही रांजणांतलं पाणी घागरींनी नेलं आणि पाटलाच्या परसातल्या एकाच हंड्यात ओतलं. ओतताना तो डोळे मिटून घेत होता, असं म्हणतात. तीन वाटांचं पाणी एकत्र झालं आणि काहीही झालं नाही. ते नुसतं तापलं.

आत काय झालं ते बायकांनी सांगितलं, आणि प्रत्येकीनं थोडं वेगळं सांगितलं. तिनं हाताला तेल लावलं आणि बाहेरूनच, पोटावरूनच, मूल हळूहळू फिरवलं. कोणी म्हणते, पोटात चंद्र फिरल्यासारखा उंचवटा फिरताना दिसला. कोणी म्हणते, ती तेव्हा गाणं म्हणत होती, पण कोणत्या बोलीतलं ते कळलं नाही. ऊन उतरायच्या वेळी मूल झालं. मुलगी होती. पण ती रडली नाही. निळी पडली होती.

बाईनं तिला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. मुलगी रडली नाही.

मग तिनं आपलं लुगडं ओढलं आणि दातांनी फाडलं. देशाची पट्टी, खानदेशाची पट्टी. फडकीची पट्टी, चोळीची ती एक बाही. ऊन पाण्यात बुडवून, पिळून, ती एकेक पट्टी मुलीला गुंडाळत गेली आणि प्रत्येक पट्टीबरोबर एकेका पोराचं नाव घेत गेली, त्या त्या गावी जन्मलेल्या. जणू ती त्या सगळ्यांना बोलावत होती, की या, हिला घेऊन या. शेवटी एक बोटाएवढं ठिगळ उरलं. ते तिनं मुलीच्या टाळूवर ठेवलं, आणि नाव घेतलं नाही. तेव्हा मुलगी रडली.

ठकू वाचली. मुलगीही वाचली.

आता बाईच्या अंगावर जवळजवळ काही उरलं नव्हतं. हौसानं अंगावरचं लुगडं, जुनेरच ते, तिच्याभोवती टाकलं, स्वतः दुसरं गुंडाळलं, आणि म्हणाली, "थांब बाई, तुझा मान आणते." ती माजघरात गेली आणि तिनं पेटी उघडली.

पेटीत लुगडी होती. चांगली, ठेवणीतली, देशावरची. हौसानं एक उचललं आणि तिचा हात थांबला. हे दिलं तर बाईला चालेल का? ती जर कोकणातली असेल तर एवढं लांब लुगडं तिला कसं व्हायचं? खानदेशातली असेल तर हा काठ तिच्यात शुभ की अशुभ? माहेरून आलेलं एक आखूड लुगडं होतं, पण ते जुनं. हौसानं एक काढलं, ठेवलं. दुसरं काढलं, ठेवलं. दुपारी जी गोंदाची गत झाली तीच आता हौसाची झाली. तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि तरी हात काही ठरवीना.

ती माजघरात उभी होती तेवढ्यात बाई निघाली.

वेशीत गोंदा रिकाम्या रांजणांपाशी बसला होता. समोरून पाटलाच्या घरची बाई येताना दिसली. लुगडं ओळखीचं होतं, काठ ओळखीचा होता, पदर तोंडावर ओढलेला होता. गोंदा झटकन उठला. एवढ्या गोंधळानंतर ओळखीचं कापड दिसलं म्हणून त्याला बरं वाटलं.

"पाटलीणबाई, नात बरी हाय ना?"

"बरी हाय," बाई म्हणाली. "पाणी दे बाबा."

गोंदानं तांब्या उचलला. मग त्याला आठवलं. तिन्ही रांजण कोरडे होते. मडक्यात पाणी होतं, पण ते पाटलीणबाईला कसं द्यायचं?

"जरा बसा, पाटलीणबाई. टाक्यावरनं आत्ता आणतो," तो म्हणाला आणि घागर घेऊन पळाला. पळताना त्याच्या मनात आलं, की पाटलीणबाई वेशीवर येऊन पाणी कशाला मागेल? तिच्या घरी हंडा आहे. पण लुगडं तर तिचंच होतं. तो पळत राहिला.

परत आला तेव्हा वेशीत कोणी नव्हतं. आणि घरातून हौसा, खरी हौसा, दोन्ही हातांत लुगडी घेऊन येत होती.

"ती कुठं गेली?"

गोंदानं भरलेली घागर खाली ठेवली आणि तो मातीत बसला. "मी तिला तुमचं लुगडं बघून ओळखलं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणून ओळखलं."

दिवस बुडताना मीठवाल्यांनी लिंबाजीला बैलावर घालून वर आणलं. सकाळीच उतरणीवर त्याचा पाय मुरगळला होता आणि तो दिवसभर एका जांभळीखाली पडून होता. तो कोकणात पोचलाच नव्हता. त्यानं कोणाला बोलावलंच नव्हतं. मग ती बाई "मला बोलावलंय" असं का म्हणाली? गावानं पुष्कळ विचार केला. ठकूला विचारलं तर ती म्हणाली, मी तर नुसती ओरडत होते.

पाटलानं तिच्या मानाचं लुगडं-चोळी देऊन माणसं तिन्ही वाटांनी पाठवली. कोकणातले म्हणाले, हो, ती आमचीच, गुडघ्यावर लुगडं नेसायची. देशावरचे म्हणाले, ती आमच्यातली, घोट्याच्या वर कधी लुगडं सरकू दिलं नाही. खानदेशात म्हणाले, तिचा पदर उजव्या खांद्यावरून, आम्ही पाहिलाय. धनगर म्हणाले, ती आमच्या वाड्याबरोबर हिंडायची. प्रत्येक ठिकाणी ती त्यांच्याच कापडात होती, आणि प्रत्येक ठिकाणी ती नुकतीच पुढच्या गावाला गेली होती. माणसं जशी गेली तशी परत आली, आणि लुगडी तशीच घडीत राहिली.

गाव तिला ठिगळाई म्हणू लागलं. कोणी म्हणतं ती देवी होती. कोणी म्हणतं, ती ठकूसारखीच अडून मेलेली कोणीतरी बाई होती आणि दुसरीला तसं मरू देत नव्हती. मला यातलं काय खरं ते ठरवता येत नाही. एवढं खरं, की तिनं दोनदा पाणी मागितलं आणि तिवटण्यानं तिला दोन्ही वेळा दिलं नाही. एकदा तिचं कापड ओळखू आलं नाही म्हणून, आणि एकदा ओळखू आलं म्हणून.

गोंदानं त्यानंतर कधी कोणाच्या कापडाकडे पाहिलं नाही, असं म्हणतात. त्यानं तिन्ही रांजण फोडले आणि कुंभाराकडून एकच मोठा आणला. सुरुवातीला तिन्ही वाटांची माणसं चिडली. काही जण तहानलेले पुढे गेले. पण घाट चढून आलेला माणूस किती दिवस रागावणार? मडकंही गेलं. गोंदानं ते स्वतः फोडून नव्या रांजणाखाली पुरलं, असं म्हणतात.

अजून तिवटण्यात मूल जन्मलं, की घरातली बाई बाजाराच्या दिवशी वेशीत उभी राहते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे कापडाचा तुकडा मागते. बोटाएवढा असला तरी चालतो. त्या तुकड्यांचं दुपटं शिवतात आणि पोर पहिलं त्यात गुंडाळतात. आणि दर चैत्रात, त्या दिवशी, वेशीतल्या दगडावर रांजणाशेजारी नवं लुगडं-चोळी ठेवतात. एका वर्षी कोकणातलं, एका वर्षी देशावरचं, एका वर्षी खानदेशातलं, कधी डोंगरातली फडकी. ते कोणाला द्यायचं हे ठरलेलं नसतं. वाटेनं जाणारी कोणीही परकी बाई ते उचलून नेते. ती कोण, कुठली, हे तिला विचारत नाहीत. रांजणापाशी बसलेला माणूस मान खाली घालून असतो. त्याला फक्त तिची ओंजळ दिसते, आणि ओंजळ बाजूला होईपर्यंत तो पाणी ओतत राहतो.

दिवस मावळायला पाटलाच्या घरची सून वेशीत येते. दगड रिकामा बघते. लुगडं कोणी नेलं ते ती विचारत नाही.

"पाणी प्याली का?" एवढंच विचारते.

"प्याली," तो म्हणतो. मग ती घरी जाते.